एकतीस जाळ्यांचं कुंपण

उलायुक माझी आजोबा लागते. वयानं ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, रक्तानं चुलत्याची मुलगी. पण ती जन्माला यायच्या महिनाभर आधी माझे आजोबा गेले, आणि आमच्यात, या उत्तर टोकाच्या बर्फाळ मुलखात, गेलेल्याचं नाव येणाऱ्याला ठेवतात, मग तो मुलगा असो की मुलगी. नाव आलं की नातंही आलं. त्यामुळं ती आईच्या पाठीवरच्या झोळीत होती तेव्हापासून माझ्या बापानं तिला ‘बाबा’ म्हटलं, मारलेल्या प्रत्येक कॅरिबूची, म्हणजे आमच्याकडच्या रानहरणाची, जीभ तिला नेऊन दिली आणि तिच्यापुढं कधी आवाज चढवला नाही. मी तिला आजोबा म्हणतो. साठीला आलेला माणूस एका बाईला आजोबा म्हणतो याचं गावात कुणाला काही वाटत नाही. नुसत्या नावानं हाक मारली असती तर मात्र उद्धट म्हणून माझं नाव झालं असतं.

बाकी तिचं आयुष्य चारचौघींसारखं. तीस वर्षं शाळेची फरशी पुसली, पाच पोरं वाढवली, नवऱ्यामागं एकटीनं घर ओढलं. बोलणं कमी. शाळेतली पोरं चिखलाचे बूट घेऊन आत आली तर ती रागवायची नाही, हातातलं फडकं त्यांच्याच हातात द्यायची आणि बाजूला उभी राहायची. अशी दोन-अडीचशे पोरं तिच्या हाताखालून गेली. आज गावात कुणीही दारात बूट काढताना मागं चिखल पडला का ते मान वळवून बघतो.

गावापासून दक्षिणेला होडीनं तीन तास गेलं की पक्ष्यांसाठी राखलेलं पाणथळ लागतं. सरकारनं नकाशावर रेघ मारली ती माझ्या जन्माच्या आसपास. बंदी बाहेरच्यांना, आम्ही तिथं अंडी वेचतो, हंस मारतो, तो हक्क कागदावरही आमचाच आहे. माझ्या लहानपणी तिथं नजर जाईल तिथवर ओलं गवत होतं, मध्ये तळी होती आणि पक्षी एवढे, की आमच्या कुत्र्यांना कुठं बघून भुंकावं ते सुचायचं नाही.

मग पांढरे हंस वाढले. थंडीत ते दूर दक्षिणेला जातात, तिथं कुणाकुणाच्या शेतातला मका-गहू खाऊन टमटमीत होतात आणि उन्हाळ्यात पोरंबाळं काढायला आमच्याकडं येतात. पूर्वी हजारांनी यायचे, आता लाखांनी येतात. हंस गवत खुडत नाही, मुळासकट उपटतो. गवत गेलं की ऊन थेट चिखलाला लागतं, जमिनीच्या पोटातलं मीठ वर येतं आणि मग तिथं काही म्हणजे काही उगवत नाही. वीस-पंचवीस वर्षांत किनाऱ्यालगतचं सगळं हिरवं असं गेलं. तांबूस, भेगाळलेला चिखल उरला. लहान पक्षी, ज्यांना गवताच्या बुडात घरटं लागतं, ते गेले.

उरला एक तुकडा. एका तळ्याभोवतीचा, उलायुकच्या पावलांनी एकवीसशे पावलांच्या घेराचा. त्याला आम्ही इविक म्हणतो, म्हणजे गवत, दुसरं काय.

उलायुक त्याच तुकड्यावर, तंबूत जन्मली. ती चार वर्षांची होती त्या साली कॅरिबू आलेच नाहीत, आणि तिच्या आईनं चार पोरांना घेऊन तिथं जून काढला. खायला काय, तर लहान पाखरांची अंगठ्याएवढी अंडी. “एका अंड्याला एक घास,” उलायुक सांगते. “आणि घरट्यात एक ठेवायचंच. मी एकदा शेवटचं उचललं तर आईनं हातावर असं मारलं, की अंड्याचा बलक कोपरापर्यंत गेला. मग तो तिनंच चाटायला लावला.” एवढं सांगून ती हसते. त्यापुढं ती त्या वर्षाबद्दल कधी बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही.

चार हिवाळ्यांपूर्वी ती घरोघर जाऊन फाटकी मासेमारीची जाळी मागायला लागली. एवढ्या बर्फात फाटकं जाळं घेऊन बाई करणार काय, हा गावाला चहाबरोबर चघळायला विषय झाला. म्हातारा कुक्सुक दुकानाच्या दारात तिला म्हणाला, “उलायुक, मासे आता जमिनीवर चालायला लागले का गं?”

“चालले तर तुला सांगते. बसल्या जागी गावतील तुला.”

सोपं होतं तिचं डोकं. जुलैत हंसांची पिसं झडतात. आई-बाप उडू शकत नाहीत, पिल्लांना पंख नाहीत. सगळा संसार पायी चालतो. मग गुडघाभर उंचीचं कुंपणसुद्धा त्यांना भिंत आहे. ऑगस्टमध्ये पंख येतील तेव्हा उडू देत कुठंही. तोवर आतल्या लहान पाखरांची पिल्लं उडून गेलेली असतील आणि गवताची मुळं जागेवर असतील.

जाळ्यात हंसाच्या पिल्लांच्या माना अडकतील, हे पहिल्यांदा नेओमी बोलली. नेओमी गावचीच पोरगी, शिकून आली, राखीव पाणथळाच्या कचेरीत नोकरीला लागली. शाळेत असताना फडकं तिच्याही हातात आलेलं.

“आजी, हे जाळं मान धरायलाच विणलेलं असतं. माशाची काय, पिल्लाची काय.”

उलायुकनं जाळं उभ्यात तीन पदरी दुमडून तिच्यापुढं धरलं. “घाल बोट.”

नेओमीचं बोट शिरलं, मूठ शिरेना.

“पिल्लाचं डोकं तुझ्या बोटाएवढं असलं तर कुंपण काढते.”

असं करत एकतीस जाळी जमली, दुमडली, शिवली. खुंटांना लाकूड कुठलं आणायचं, आमच्याकडं झाड नाही. बर्फाच्या मैदानावर पोरांनी मोडलेल्या हॉकीच्या काठ्या तिनं तीन वर्षं गोळा केल्या. राखीव पाणथळाच्या कमिटीत दोन बैठका झाल्या. शेवटी परवानगीचा कागद मिळाला, एका उन्हाळ्यापुरता. अटी दोन: जाळं बंद होईल तेव्हा आत एकही हंस नको, आणि जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ते बंद झालं नाही तर सगळं गुंडाळून न्यायचं. अर्धवट उघडं जाळं माळावर सोडता येणार नाही. यंदा जमलं नाही तर पुन्हा अर्ज करायला इविक उरणार नव्हतं, हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. शेजारचा तुकडा त्यांच्या डोळ्यांदेखत दोन उन्हाळ्यांत संपला होता.

बुधवारी आम्ही पोचलो. तीन होड्या, तेरा माणसं. कुंपण उलायुकनं दोन भाच्यांना घेऊन आधीच उभं केलं होतं, नेओमीनं तपासेपर्यंत उत्तरेचं पंधरा पावलांचं तोंड तेवढं उघडं. पण यंदा अंडी आठवडाभर लवकर फुटली होती. तोंडातून हंस आत शिरले होते. नेओमीनं दुर्बिणीतून मोजले: मोठे-लहान धरून सहाशेच्या वर. मान खाली, शेपूट वर, उपटणं चालू.

“हाकू उद्या,” उलायुक म्हणाली. “जुन्या पद्धतीनं. चालत.”

हे ऐकून म्हाताऱ्यांची तोंडं उजळली. हंस हाकणं ही आमच्या आजोबांची, म्हणजे तिचीच, ख्याती. पिसं झडल्यावर माणसांनी लांब ओळ धरायची, पळायचं नाही, बोलायचं नाही, हात पसरून सावकाश चालायचं. हंस थबकले की बसायचं. निघाले की उठायचं. मध्यावर जो काठी घेऊन चालतो त्याच्याकडं बघत राहायचं. असं करत शे-दोनशे हंस टेकाडावरच्या दगडी कोंडाळ्यात न्यायचे. आजोबा गेल्यावर ती काठी नावाबरोबर उलायुककडं आली, सात वर्षांची असताना ती ओळीच्या मधोमध चालली. मी त्यातल्या शेवटच्या दोन हाकण्यांना होतो, आठ-नऊ वर्षांचा असेन. मग बंदुका स्वस्त झाल्या, होड्यांना इंजिनं आली, हाकणं संपलं.

गुरुवारी सकाळी धुकं निवळलं. एक जण अस्वलावर नजर ठेवायला बंदूक घेऊन टेकाडावर बसला, बाकीच्यांनी ओळ धरली. डास एवढे की श्वास दातांतून गाळून घ्यावा लागत होता. कुणी हात हलवला नाही. पन्नास वर्षं झाली असतील, पण पाय विसरले नव्हते. उलायुक वाकली की आम्ही वाकत होतो. हंस कुरकुरत, एकमेकांना ढकलत, पिल्लांना मध्ये घेत निघाले. तळं मागं पडलं. पांढरा लोंढा आवळत आवळत त्या पंधरा पावलांच्या तोंडाशी आला. पुढचे बाहेर पडायला लागले.

आणि मी एका हंसाची मान धरली.

का धरली, विचारू नका. पहिला हात माझा होता, ते कबूल आहे. माझ्या आयुष्यात हंस हाकणं नेहमी एकाच गोष्टीत संपलं होतं, आणि अशा जागी, एवढ्या जवळ, गुडघ्याला घासून हंस चालला की हात डोक्याला विचारत नाही. माझ्या उजवीकडं कुक्सुकनं दोन धरले. मग सगळेच. माझ्या बायकोनं, एव्हानं, पिठाचं रिकामं पोतं कमरेला बांधून आणलं होतं हे मला तेव्हा दिसलं. पोती सगळ्यांनीच आणली होती. कुणी कुणाला बोललं नव्हतं. ओळ फुटली, हंस फिरले आणि आमच्या पायांतून पुन्हा आत, तळ्याकडं, चारी वाटांनी.

सगळं शांत झालं तेव्हा उलायुक मधोमध तशीच उभी होती, काठीसकट. चेहऱ्यावर काहीच नाही. त्यापेक्षा तिनं काठी घातली असती तर बरं झालं असतं.

नेओमी जवळ आली. तिचा आवाज खाली होता. “आजी, उद्या दुपार. मला पुढं ढकलता येणार नाही. माझ्या हातात असतं तर...”

“तुझ्या हातात नाही ते मला माहीत आहे, पोरी. किती मेले?”

“तेवीस.”

“सोला,” ती आम्हाला म्हणाली. “सगळे. चूल पेटवा.”

कुक्सुक पिसं उपटायला बसला. शेवटी त्याला राहवलं नाही. “गावाकडं नेऊ की अर्धे. पोरं वाट बघत असतील.”

“एकही गावाला जाणार नाही. इथंच संपवायचे.”

“तेवीस हंस? बारा-तेरा माणसांत?”

“तुम्हाला पाहिजे होते ना. खा.”

तिनं आपल्या हातानं उलु, म्हणजे बायकांची अर्धगोल सुरी, घेऊन तुकडे केले, तीन पातेली चढवली, एव्हाला तव्यावर पिठाची भाकर थापायला बसवलं. आम्ही खाल्लं. चरबी कोपरापर्यंत ओघळली. खाऊन झालं की ती पुन्हा पातेल्यातून तुकडा काढून समोर ठेवायची. मी म्हणालो, “आजोबा, पुरे.”

“नातवा, तुझा पहिला हात होता. अजून एक मांडी घे.”

मी घेतली. माझ्या आजोबांनी वाढलेलं मी टाकू शकत नाही आणि ते तिला पक्कं ठाऊक. संध्याकाळपर्यंत आमच्यातल्या कुणालाही हंसाचा वास सहन होईना. एव्हा तंबूमागं जाऊन ओकून आली. कुक्सुक पाठीवर उताणा पडून आकाशाला म्हणाला, “उलायुक, तू मला मारायला आणलंस.”

“तू मेलास तर तुझं नाव मी कुणाला ठेवू देणार नाही. एक खादाड बास झाला.”

सगळे हसले, पोट धरून, कारण हसल्यावर दुखत होतं. मग तिनं प्रत्येकाकडं हात पुढं केला. पोती मागितली. आम्ही एकेक करून दिली. ती घेऊन तिनं चुलीत घातली. पीठ चिकटलेली पोती भुरूभुरू जळली.

“जुनी पद्धत, जुनी पद्धत म्हणून मीच बोलले,” ती विस्तवाकडं बघत म्हणाली. “जुन्या पद्धतीत शेवटी काय असतं ते मी विसरले. चूक माझी. उद्या होणार नाही.”

शुक्रवारी सकाळी तिनं ओळ लावली. सगळ्यात अवघड जागा तोंडाचा उजवा खुंट. हंस तिथं सगळ्यात जवळून जातात, तिथला माणूस हलला की सगळं फिसकटतं. तिथं ती एखाद्या तरण्या भाच्याला उभं करील असं वाटलं होतं. तिनं मला उभं केलं.

“मी नको, आजोबा. काल मीच तर...”

“म्हणूनच. हात डोक्यावर ठेव.”

एवढं बोलून ती मधल्या जागेकडं निघून गेली. मी हॉकीच्या मोडक्या काठीशेजारी, दोन्ही हात डोक्यावर, कैद्यासारखा बसलो.

बसल्या जागेवरून ओळ दिसत नव्हती, हंसांचा आवाज तेवढा येत होता. तो जवळ येतो, थांबतो, पुन्हा येतो. एकदा बराच वेळ थांबला. नंतर कळलं, तळ्याकाठच्या गवतात एक लाल छातीचं पाखरू चार पिल्लं घेऊन ओळीच्या वाटेत आलं होतं. त्या जातीत मादी अंडी घालून निघून जाते, नर उबवतो, नर सांभाळतो. उलायुक वाकली, सगळे वाकले, आणि तो बाप आपली पिल्लं घेऊन सावकाश आडवा जाईपर्यंत दहा माणसं चिखलात बसून राहिली. दुपारची मुदत जवळ येत चालली होती आणि नेओमी घड्याळाकडं बघत होती. उलायुकनं तिच्याकडं बघितलंही नाही.

मग लोंढा आला. पहिला नर माझ्यापुढं थांबला, मान लांब करून फिस्कारला. मी त्याच्या डोळ्यात बघितलं नाही. त्यानं माझ्या मांडीला चावा घेतला, पिळून, पाना फिरवल्यासारखा. माझ्या जिभेवर अजून कालची चरबी होती आणि खरं सांगतो, त्या घडीला मला जगात कुठलाच हंस नको होता. तो पुढं गेला. त्याच्यामागं त्याची बायको, पाच पिल्लं, मग दुसरं कुटुंब, मग मोजदाद नाही. गुडघ्याला, पोटरीला पिसं घासत होती. कुक्सुक माझ्या समोरच्या खुंटाशी होता. त्याचे हात त्यानं स्वतःच्या काखेत कोंबले होते आणि डोळे मिटले होते.

शेवटचं पिल्लू अडखळलं, उठलं, बाहेर गेलं. उलायुक चालत आली, धापा टाकत, काठी मला दिली आणि जाळ्याचं मोकळं टोक ओढून खुंटाला बांधलं. मग सुई-दोरा काढून शिवायला बसली. बाहेर हंस जाळ्याला छाती लावून उभे होते. तीन पदर हलले, फाटले नाहीत.

नेओमीनं आत जाऊन दोनदा फेरी मारली, दुर्बीण लावली, तळ्याच्या पलीकडची कड पायांनी धुंडाळली. परत येऊन म्हणाली, “आजी, एकही नाही.”

“मग कागदावर लिही तसं.”

“लिहिलं.”

“वेळ?”

“बाराला दहा कमी.”

उलायुकनं शिवता शिवता मान हलवली. कुणी टाळी वाजवली नाही. बायकांनी चहा ठेवला आणि कुणीतरी, मला वाटतं एका भाच्यानं, बिस्किटं काढली. मांसाचं नाव कुणी काढलं नाही.

भरतीला आम्ही निघालो. ती निघाली नाही. मी होडीतून हाक मारली, “आजोबा, चल की. झालं ना.”

“काय झालं? जाळं कोल्ह्यानं कुरतडलं तर कोण शिवणार, तू?” तिनं एका भाच्याला बंदुकीसाठी ठेवून घेतलं, एक पोतं पीठ आणि चहा ठेवून घेतला. “ऑगस्टात ये. येताना खिळे आण, लांब.”

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी गेलो. हंस उडायला लागले होते, चिखलावर त्यांचे थवे उठत-बसत होते, इविककडं कुणाचं लक्ष नव्हतं. कुंपणाच्या एका अंगाला माझा बूट तांबड्या भेगांत रुतत होता, दुसऱ्या अंगाला गवत पोटरीला लागत होतं. तळं रिकामं होतं. पाखरं दक्षिणेला गेली होती. भाचा म्हणाला, तिनं घरटी मोजली होती, एकोणतीस, आणि पाच आठवड्यांत जाळ्याला चौऱ्याण्णव टाके घातले होते. नेओमीच्या कचेरीनं पुढच्या दोन उन्हाळ्यांची परवानगी दिल्याचा कागद मी खिशात घेऊन गेलो होतो. मी तो दिला. तिनं वाचला आणि घडी घालून छातीशी ठेवला.

ती अंगानं निम्मी झाली होती. हात डासांनी सुजलेले. मला वाटलं, तंबू आवरून ठेवला असेल, होडीत बसायला तयार असेल. ती मला उत्तरेच्या कडेला घेऊन गेली, कुंपणापलीकडच्या उघड्या चिखलात. खाली वाकून तिनं बोटानं दाखवलं. जाळ्याखालून एक पांढरं मूळ बाहेर सरकलं होतं, करंगळीएवढं, आणि त्याच्या टोकाला हिरवा ठिपका होता.

“मीठ उतरतंय इथलं,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी कुंपण चाळीस पावलं पुढं न्यायचं. खुंट आताच ठोकून ठेवू, जमीन गोठायच्या आत. खिळे आणलेस?”

“आणले. पण आजोबा, ओहोटी लागेल. होडी रुतेल.”

“रुतली तर उद्या जाऊ.”

तिनं पावलं टाकत, मोठ्यानं मोजत चिखलातून चालायला सुरुवात केली. चाळीसाव्या पावलाला थांबली, टाच फिरवून खूण केली आणि मागं वळून माझ्याकडं बघत राहिली. मी हॉकीच्या काठ्यांचा भारा खांद्यावर घेतला, हातोडा उचलला आणि तिच्या खुणेकडं निघालो.